डोहातले तीन टोले

जालना जिल्ह्यात आठवडाभर राहून आले असं सांगितल्यावर देवगडला आईनं पहिला प्रश्न विचारला, "थंय समुद्र खंय आसा?"

प्रश्न रास्त होता. मी एम.टेक. करते ते पाण्याखालच्या युद्धशास्त्रात. हे नाव ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाणतीर, स्फोट आणि पांढऱ्या गणवेशातली देखणी माणसं येतात. प्रत्यक्षात आम्ही दोन वर्षं हेडफोन लावून एका काळोख्या खोलीत बसतो आणि ऐकतो. कोळंबीची कडकड, व्यापारी जहाजाचा पंखा, देवमाशाचं हुंकारणं, आणि या गोंगाटात लपून बसलेली एखादी पाणबुडी. यांतलं काय कुठलं ते ओळखायचं आणि खात्री पटली की वहीत एक शब्द लिहायचा: कॉन्टॅक्ट. माझे वडील वल्ह्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाला लावून माशांचा थवा ऐकायचे. त्यांच्या मते मी हेच शिकायला घराबाहेर पडले आणि त्यांचं म्हणणं फारसं चूक नाही.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम एवढाच, की संशयास्पद आवाज आला तर आधी आपलीच होडी तपासा. बहुतेक वेळा शत्रू म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरातलं सैल झाकण निघतं. हा नियम लक्षात ठेवा, कारण तो मी फार निष्ठेनं पाळला आणि त्यामुळे एक अख्खा दिवस वाया घालवला.

माझा प्रकल्प होता गढूळ, संथ पाण्यात तळाच्या गाळात रुतलेली वस्तू आवाजावरून शोधण्याचा. समुद्रात सुरुंग असेच रुतून बसतात. पण कॉलेजजवळच्या किनाऱ्यावर बोटींचा इतका गोंगाट, की काही ऐकू येईना. तेव्हा वर्गातला सिद्धार्थ म्हणाला, "माझ्या गावाला चल. गोदावरीचं अडवलेलं पाणी हाये, वाळूच्या उपशानं पडलेले खोल डोह हायेत, अन् वर एक बी बोट न्हाई. इतकी शांतता तुला कुठंच मिळणार न्हाई." सिद्धार्थ घनसावंगी तालुक्यातला. वर्गात तो सर्वांत कमी बोलतो आणि सर्वांत चांगलं ऐकतो.

शहागड

जालन्याहून अंबडमार्गे शहागडला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. फेब्रुवारी असूनही आमच्याकडच्या मे महिन्यासारखं, फक्त घाम नाही. घाम न येता भाजून निघणं हा मला नवीन अनुभव होता. हायवेवर ट्रकांची रांग, उसाच्या ट्रॉल्या, आणि आलं ठेचून घातलेला इतका गोड चहा, की चमचा उभा राहावा.

तिथं चहा पिताना सिद्धार्थनं मला खरी गोष्ट सांगितली. त्याचा मोठा भाऊ आनंद वाळू काढणाऱ्या तराफ्यावर कामाला होता. तराफा म्हणजे लोखंडी पिंपांवर बसवलेला पंप. मागच्या भाद्रपदात नदी अचानक चढली आणि तराफा उलटला. दोघं पोहून बाहेर आले, आनंद आला नाही. तराफाही सापडला नाही. पाणबुडे आले, गळ टाकले, पंधरा दिवस शोधलं. काही लोक म्हणायला लागले, की पोरगा पुण्याला पळून गेला.

"बाबा म्हणतात, पुण्यानुमोदन करून घेऊ," सिद्धार्थ म्हणाला. पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसासाठी करतात तो बौद्ध विधी. "माय करू देईना. दिसल्याबिगर न्हाई म्हणती. दोघं एकमेकाशी बोलत न्हाईत सहा म्हैने झाले."

मी चिडले. मला आधी सांगायला हवं होतं, असं मी त्याला तिथंच, ट्रकवाल्यांसमोर, बरंच मोठ्यानं सुनावलं. त्यानं ऐकून घेतलं. "सांगितलं असतं तर आली असती का?" त्यानं विचारलं. मी आले नसते. माझ्या यंत्रानं आजवर कॉलेजच्या टाकीत बुडवलेला एक सिलिंडर शोधला होता, तोही कुठे ठेवलाय ते मला ठाऊक असताना.

पुढं काळी-पिवळी जीप. ड्रायव्हरनं माझी पेटी टपावर उसाच्या वाढ्यांवर टाकली आणि विचारलं, "बाई, बॉम तर न्हाई ना ह्यात?"

"पाण्यातलं ऐकायचं यंत्र हाये," सिद्धार्थ म्हणाला.

"कोणत्या पाण्यातलं?"

सिद्धार्थनं डोहाचं ठिकाण सांगितलं. ड्रायव्हरचा पेटीवरचा हात निघाला. "दुपारचं नका जाऊ तिकडं," तो म्हणाला. "बिलकुल नका जाऊ." नंतर अख्ख्या रस्त्यात त्यानं गाणी लावली नाहीत, आणि जीपमधल्या बाराच्या बारा माणसांनी ती मागितलीही नाहीत.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. सिद्धार्थचे वडील निवृत्त शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांनी "जय भीम" म्हणून हात जोडले आणि माझ्या अभ्यासक्रमाचे सगळे विषय एकेक करून विचारले. माय बारीक, ताठ, कमी बोलणारी. तिच्या दोन्ही हातांची बोटं धुतल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली होती. भांडी घासून झाली असतील, असं मला वाटलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कोकणातली पोरगी आली म्हणून मुद्दाम आणलेला नदीचा मासा. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशाला कुणी मासा म्हणत नाही. पण येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, आणि त्याच्या आमटीपुढे मी मासा विसरले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. मायनं चौथी न विचारता वाढली. पाहुण्याला विचारायचं नसतं, हे तिथं शिकले. आमच्याकडे विचारून विचारून पाहुण्याची भूकच मारतात.

डोहावर

होडी दगडूमामांची. हे भोई, वय साठीच्या पुढचं, आयुष्य नदीवर गेलेलं. पत्र्याची होडी, एक वल्हं, आणि होडी बांधायची लांबलचक साखळी. मी पाण्यात मायक्रोफोन सोडला. पाण्यात चालणारा तो कान म्हणजे आमच्या धंद्यातलं मुख्य हत्यार. मी हेडफोन लावला.

अशी शांतता मी कधीच ऐकलेली नव्हती. समुद्र कधी गप्प बसत नाही. इथं काहीच नव्हतं. काठावर वेड्या बाभळींचं रान, वर घारी, आणि खाली कानात नुसतं रिकामं. जणू कुणीतरी श्वास धरून बसलंय असं सारखं वाटत होतं. मी दोनदा हेडफोन काढून आपण बहिरे तर झालो नाही ना, ते पाहिलं.

बाराच्या सुमारास आवाज आला. टक्, टक्, टक्. थोडं थांबून पुन्हा तीन.

मी नियमाप्रमाणे आधी आपली होडी तपासली. दगडूमामांना साखळी काढायला लावली. मग जेवणाचा डबा काठावर ठेवला. मग त्यांच्या हातातलं कडं उतरवलं. "म्याडम, आता धोतर तेवढं राह्यलं," ते म्हणाले. आवाज चालूच. अखेर मी वहीत ‘होडीचा स्वतःचा आवाज’ असं लिहून तो सगळा भाग नोंदीतून गाळून टाकला. काठावर परतले तर एका शेळीनं माझ्या दुसऱ्या हेडफोनची एका बाजूची गादी खाऊन टाकली होती. दिवस एकंदर असा गेला.

परतताना दगडूमामा म्हणाले, "ते आमच्या होडीचं नव्हतं, म्याडम."

"मग?"

"दुपारचा डोह वाजतो. होडीच्या पत्र्याला कान लावला की येतं ऐकू. भाद्रपदापासून. म्हणून या टायमाला जाळं टाकायला कोणी येत न्हाई इकडं." ते हे इतक्या साधेपणानं म्हणाले, की मी हसायचं विसरले.

दुपारचे बारा

दुसऱ्या दिवशी सिद्धार्थ होडीत आला. आदल्या दिवशी तो आलाच नव्हता. जीप बघायची आहे, दळण आणायचंय, अशी कारणं सांगत राहिला होता. मला ती कळली होती.

बाराला मी चांगला हेडफोन त्याला दिला आणि शेळीनं खाल्लेला स्वतःच्या एका कानाशी धरला. टक्, टक्, टक्.

सिद्धार्थचा चेहरा उतरला. त्यानं हेडफोन काढला नाही, फक्त होडीची कड घट्ट धरली. "कोणीतरी वर बोलावून राह्यलंय," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. पाण्यात बुडी मारलेल्या लेकराला काठावरून कितीही ओरडा, ऐकू जात नाही. म्हणून इथल्या बाया काठाला बसून दोन गोटे पाण्याखाली धरतात आणि एकमेकांवर आपटतात. वर काही ऐकू येत नाही, पण खाली डोक्यात घुमतं. तीन टोले म्हणजे वर ये. एक टोला म्हणजे राहू दे, खेळ अजून. आणि ज्यानं ऐकलं त्यानं तळाचे दोन गोटे उचलून तितकेच टोले परत द्यायचे, म्हणजे आईला कळतं की ऐकलं. त्यासाठी आई कान होडीला नाहीतर पाण्यात रोवलेल्या काठीला लावते. आनंद सगळ्यांत जास्त वेळ खाली राहायचा. मायचे गोटे सगळ्यांत जास्त वाजायचे.

"आता नीट ऐक," सिद्धार्थ म्हणाला.

टक्, टक्, टक्. आणि प्रत्येक टोल्यामागून, पापणी लवावी इतक्या वेळानं, एक बारीक ठण्. मी कालपासून तो ऐकत होते आणि माझ्या कानानं तो वेगळा काढला नव्हता.

"तीन वरून," तो म्हणाला. "अन् तीन खालून."

दगडूमामांनी वल्हं उचलून पायाशी आडवं ठेवलं. होडी आपोआप हळूहळू फिरत राहिली. मी पाण्याखालचे आवाज ओळखणारी बाई, आणि मला त्या क्षणी त्या पाण्यावर थांबायचं नव्हतं.

घाट

सुटका केली ती अभ्यासानं. उत्तर मूळ आवाजासारखं नव्हतं. मूळ आवाज दगडावर दगडाचा होता आणि परत येणारा होता ठणठणीत, पोकळ. परत येतो तो प्रतिध्वनी. आणि असा पोकळ येतो तो लोखंडावरून, ज्यात हवा कोंडलेली आहे.

पिंप. तराफ्याचं पिंप.

मी हे मोठ्यानं बोलले. सिद्धार्थनं मान हलवली. आमच्या शास्त्रात ऐकण्याचे दोन प्रकार असतात. एक गुपचूप कान देणं आणि दुसरा स्वतः हाक मारून तिचं परतणं ऐकणं. हाक मारायची हिंमत लागते, कारण त्यात आपण कुठे आहोत तेही कळतं. मी इतकी यंत्रं घेऊन गुपचूप कान देत बसले होते आणि कुणीतरी सहा महिने रोज बाराला हाक मारत होतं. प्रश्न होता, कोण?

तिसऱ्या दिवशी आम्ही दोन मायक्रोफोन लांब लांब सोडले. आवाज एकाला आधी लागला, दुसऱ्याला मागाहून. त्या फरकावरून दिशा काढली. बाभळींच्या आड, वळणापाशी जुना घाट होता. काठाकाठानं चालत गेलो.

माय शेवटच्या पायरीवर बसली होती. पुढं एकदम खोल पाणी. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. शेजारी फडक्यात भाकरी. घरी ती रोज शेतात जाते असं सांगून निघायची. पाण्याच्या वर कसलाही आवाज नव्हता. नुसते तिचे खांदे हलत होते. तिच्या बोटांचा पांढरेपणा मला तेव्हा कळला.

"माय," सिद्धार्थ म्हणाला.

तिनं मागं पाहिलं. दचकली नाही, लाजलीही नाही. "मला येड लागलं न्हाई," ती म्हणाली. "मला सगळं कळतं. पण मायनं बोलवायचं सोडलं, असं त्याला वाटू नये." मग माझ्याकडं वळली. "पोरी, तू शिकलेली हायेस ह्यातलं. मला एक खरं सांग. एवढी वाळू, एवढं गढूळ पाणी. माझा आवाज खालपर्यंत जातो का?"

मला परीक्षेत इतका अवघड प्रश्न कुणी विचारलेला नाही. नाही म्हटलं असतं तर ती उद्याही आली असती आणि परवाही. हो म्हटलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. पण मी ऐकलं होतं आणि खोटं सांगणं जमलं नसतं.

"जातो, माय. तळापर्यंत जातो. लोखंडाला लागून परत येतो."

"म्हंजे त्यानं ऐकलंय," ती म्हणाली. "सहा म्हैने ऐकून राह्यलाय. तरी येत न्हाई, म्हंजे येणं त्याच्या हातात न्हाई." मग हात पाण्याबाहेर काढून पदराला पुसले. "सिद्धू, तुझ्या बाबाला बोलाव."

गुरुजी आले. पायरीवर तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघं बाभळीकडं गेलो. ते काय बोलले ते मला माहीत नाही, पण फडक्यातली भाकरी त्यांनी अर्धी अर्धी खाल्ली.

जागा नेमकी काढायला त्या दिवशीही मायलाच टोले द्यावे लागले. मी एक मायक्रोफोन पायरीपाशी बांधला, दुसरा होडीतून हलवत राहिले आणि प्रत्येक वेळी उत्तर किती उशिरानं येतं ते मोजलं. घाटापासून डोहाच्या मधोमध, बाभळीच्या वाकड्या बुंध्याच्या रेषेत एक जागा निघाली. मी वहीत लिहिलं: कॉन्टॅक्ट. अक्षर वाकडं आलं.

चौथ्या दिवशी पोलिसांना कळवून दगडूमामा आणि त्यांचे दोन पुतणे दोर घेऊन त्या जागी उतरले. तिसऱ्या बुडीला हाताला पिंप लागलं. तारदोर बांधून ट्रॅक्टरनं ओढलं. तराफा उलटा, वाळूनं भरलेला, हळूहळू काठाला आला. त्याच्याखाली अडकून जे आलं ते मी लिहिणार नाही. मनगटावर स्टीलचं कडं होतं. गुरुजींनी ते ओळखलं आणि मायनंही, आणि मग ती दोघं एकमेकांना धरून रडली. मी सहसा लोकांसमोर रडत नाही. त्या दिवशी रडले.

शेवटची नोंद

सोपस्कार झाले. माझ्या मुक्कामाच्या आठव्या दिवशी पुण्यानुमोदन झालं. अंगणात सगळं गाव होतं. जीपचा ड्रायव्हरही आला होता आणि पाणी वाढत होता. त्रिसरण-पंचशील झालं, गुरुजी दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि पहिल्याच वाक्याला बसले.

अकरा वाजता माय माझ्यापाशी आली. "चल, घाटावर. तुझं यंत्र घे."

आम्ही दोघीच गेलो. सामान त्याच दिवशी न्यायचं म्हणून पायरीपाशी बांधलेला मायक्रोफोन तसाच होता. मी हेडफोन लावला. डोह पुन्हा तसाच रिकामा, श्वास धरून बसलेला. तराफा लांब काठावर गंजत पडला होता आणि एका पिंपावर कुणाची तरी शेळी उभी होती. पाण्यात आता लोखंड नव्हतं.

मायनं दोन्ही गोटे पाण्यात धरले. मला वाटलं, तीन देईल. तिनं एक दिला.

टक्.

राहू दे, खेळ अजून.

आणि पापणी लवावी इतक्या वेळानं, तेवढ्याच अंतरावरून, उत्तर आलं. लोखंडाचं ठण् नव्हतं. दगडावर दगडाचं होतं. टक्.

समोरच्या काठावरून परतलेला आवाज असेल, असं माझे मार्गदर्शक म्हणाले. मी त्यांना तो भाग ऐकवलाही. काठ त्याच्या दुप्पट लांब आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या वहीत त्या ओळीसमोर अजून काही लिहिलेलं नाही.

"काय आलं?" मायनं विचारलं.

"एकच आला."

"बराबर," ती म्हणाली. तिनं मुठी सैल केल्या आणि दोन्ही गोटे पायरीपुढच्या खोल पाण्यात सोडून दिले. पदराला हात पुसले आणि घराकडं चालायला लागली. लोकांना जेवायला वाढायचं होतं.

हेडफोन अजून माझ्या कानाला होता. एक गोटा तळाला लागल्याचा आवाज आला. मी थांबले. माय बाभळीपाशी पोचून मला हाक मारेपर्यंत थांबले. दुसऱ्याचा आला नाही.